कोयत्यालाही ताण असतो

अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात कंबर किंवा गुडघा धरून दवाखान्यात आलेल्या माणसासाठी दोन निदानं ठरलेली असतात. तो बँकेत, शाळेत किंवा सुपे एमआयडीसीतल्या एखाद्या ऑफिसात काम करत असेल, तर ‘टेन्शन कमी करा, प्राणायाम करा’. तो ऊस तोडत असेल, बिडी वळत असेल किंवा मार्केट यार्डात हमाली करत असेल, तर ‘झीज झालीय, आता चालायचंच’. एकाचं दुखणं मनाच्या खात्यात आणि दुसऱ्याचं हाडांच्या खात्यात जमा होतं. या वाटणीच्या मुळाशी एक समज आहे. ताणतणाव हा खुर्चीत बसून काम करणाऱ्यांचा आजार, अंगमेहनत करणाऱ्याला तो शिवत नाही, उलट कष्टाने त्याचं अंग घट्ट होतं, आणि सांधे दुखलेच तर कारण निव्वळ वापराचं. डॉक्टर हे मानतात, कारखान्याचे संचालक मानतात, आणि ‘आम्हाला कसलं आलंय टेन्शन’ म्हणणारा मजूरही मानतो. हा समज शरीरशास्त्राच्या कसोटीवर टिकत नाही, आणि त्याची सर्वांत जास्त किंमत या जिल्ह्यातल्या कष्टकरी बायका मोजतात, एवढंच मला इथे दाखवायचं आहे.

आधी पूर्वपक्ष नीट मांडू, कारण तो पोकळ नाही.

त्याचा पहिला मुद्दा असा की, वापराने शरीर मजबूत होतं. भार पडेल तसं हाड स्वतःला घडवतं, हे जर्मन शल्यवैद्य ज्युलियस वोल्फ यांनी १८९२ मध्येच मांडलं. स्नायूंचंही तेच. दुसरा मुद्दा झिजेचा. अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम पाहणीत १९९१ साली दिसलं की ज्या पुरुषांच्या कामात गुडघे वाकवणं आणि वजन पेलणं दोन्ही होतं, त्यांच्यात गुडघ्याच्या झिजेचा धोका सुमारे दुप्पट होता. तेव्हा हमालाचा गुडघा हमालीने गेला, त्यात मन कुठून आणायचं? तिसरा मुद्दा असा की, ताणाला काळजी लागते. मजुराला ना टार्गेट, ना ईमेल, ना प्रमोशनची हुरहुर. दमतो आणि झोपतो. चौथा मुद्दा प्रत्येक घरात ऐकू येतो: आमच्या आज्याने जन्मभर मोट हाकली, त्याचे कुठे गुडघे दुखले?

आता उत्तर.

काम म्हणजे व्यायाम हे समीकरण गेल्या काही वर्षांत मोठ्या प्रमाणावर तपासलं गेलं आहे. २०१८ साली १७ अभ्यासांतल्या १ लाख ९३ हजारांहून अधिक लोकांची माहिती एकत्र करून पाहिली, तेव्हा जड अंगमेहनतीचं काम करणाऱ्या पुरुषांत अकाली मृत्यूचा धोका हलकं काम करणाऱ्यांपेक्षा १८ टक्क्यांनी जास्त निघाला. फावल्या वेळातल्या हालचालीने आयुष्य वाढतं आणि पोटासाठी केलेल्या तशाच हालचालीने ते घटतं, हा विरोधाभास डेन्मार्कचे संशोधक अँड्रियास होल्टरमान अनेक वर्षं मांडत आले आहेत. त्याचं कारण गूढ नाही. तालमीत पैलवान स्वतःच्या मनाने जोर काढतो, थांबतो, खातो आणि झोपतो. स्नायू जोर काढताना वाढत नाही, तो वाढतो विश्रांतीत. वाढीचं संप्रेरक, म्हणजे ग्रोथ हार्मोन, मुख्यतः रात्रीच्या पहिल्या गाढ झोपेत स्रवतं. टेस्टोस्टेरॉनचंही झोपेशी घट्ट नातं आहे. २०११ साली शिकागोमध्ये तरुण, निरोगी पुरुषांना आठवडाभर रोज पाचच तास झोपू दिलं, तर त्यांचं दिवसाचं टेस्टोस्टेरॉन १० ते १५ टक्क्यांनी उतरलं. आठवड्याच्या अपुऱ्या झोपेने एवढं होतं. आपला गळीत हंगाम तर महिनोन्‌महिने चालतो.

हंगामातला ऊसतोडीचा दिवस जवळून पाहा. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. पहाटे अंधारातच कोपीतून, म्हणजे पाचटाच्या झोपडीतून निघायचं, फडात शिरायचं. खाली वाकून बुडापासून ऊस तोडायचा, पाचट साळायचं, वाढं छाटायचं, मोळी बांधायची. मग डोक्यावर चुंबळ आणि चुंबळीवर ३०-४० किलोची मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढायचं. गाडी रात्री आली तर भरणी रात्री. बाईला त्याआधी पाणी आणि भाकऱ्या, त्यानंतर पोरं आणि भांडी. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीचा दर टनाला २७३ रुपयांवरून ३६६ रुपये झाला. ३० किलोची मोळी धरली तर टनाला ३३ मोळ्या होतात, म्हणजे एका मोळीमागे दोघांना मिळून सुमारे ११ रुपये. यात जोर आहे, वजन आहे, हालचाल आहे. व्यायामाला लागणारी विश्रांती तेवढी नाही.

तिसऱ्या मुद्द्याकडे येऊ, कारण सगळा गोंधळ तिथे आहे. ताणाला काळजी लागते, हे कोणी ठरवलं? हॅन्स सेली या शास्त्रज्ञाचा जो छोटासा निबंध ताणाच्या आधुनिक अभ्यासाचा पाया मानला जातो, तो १९३६ साली ‘नेचर’मध्ये आला. त्यात उंदरांना थंडीत ठेवलं होतं, जखमा केल्या होत्या, विषारी द्रव्यं दिली होती, आणि बेसुमार स्नायूश्रमही करायला लावले होते. प्रत्येक वेळी परिणाम सारखाच दिसला. मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथी फुगल्या, प्रतिकारशक्तीशी संबंधित थायमस ग्रंथी आकसली, पोटात व्रण पडले. म्हणजे या शास्त्राच्या पहिल्याच पानावर अतिश्रमाची नोंद आहे. तिथे ऑफिस नव्हतं आणि बॉसही नव्हता. ताण हा मध्यमवर्गाचा आजार ही पुढच्या काळातली टूम आहे.

मनाच्या बाजूनेही तेच दिसतं. लंडनच्या सरकारी नोकरांवरचे ‘व्हाइटहॉल’ अभ्यास प्रसिद्ध आहेत. मायकेल मार्मोट यांना अपेक्षेच्या उलट चित्र दिसलं. सर्वाधिक जबाबदारीच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांपेक्षा सगळ्यांत खालच्या श्रेणीतल्या नोकरांत हृदयविकाराने होणारे मृत्यू तिपटीहून अधिक होते. धूम्रपान, रक्तदाब वगैरे बाजूला काढले तरी फरक पुरता मिटेना. १९७९ साली रॉबर्ट कॅरासेक यांनी त्याचं सूत्र मांडलं: कामाची मागणी मोठी आणि त्या कामावर स्वतःचा ताबा कमी, अशा जागी ताण सर्वाधिक. १९९६ मध्ये योहानेस सीग्रिस्ट यांनी दुसरं सूत्र जोडलं: कष्ट मोठे आणि मोबदला, मान, खात्री लहान, अशा जागीही तो तेवढाच.

ही दोन्ही सूत्रं पाथर्डी, शेवगाव, जामखेडच्या ऊसतोड टोळीला लावून बघा. हंगामाआधी मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम घेतलेली. ती फिटेपर्यंत काम सोडता येत नाही. आजारी पडून एक दिवस बुडाला तर खाडा, म्हणजे मजुरी बुडतेच आणि वर कापलंही जातं. फड कुठला, गाडी कधी, हंगाम किती लांबणार, यातलं काहीच तोडणाऱ्याच्या हातात नाही. व्हाइटहॉलच्या शिपायाला निदान पगाराची तारीख माहीत होती. कॅरासेकच्या सूत्रातली सर्वांत वाईट जागा शोधायची तर ती आपल्या जिल्ह्याच्या पूर्व सीमेवर सापडेल.

आज्याच्या मोटेचं उत्तरही इथेच आहे. स्वतःच्या विहिरीवर स्वतःच्या बैलांनी मोट हाकणारा माणूस ऊन चढलं की बैल सोडत असे. कष्ट तेवढेच असले तरी वेग त्याच्या हातात होता. आणि त्याचे गुडघे दुखले नाहीत, हे तरी कोणी मोजलं होतं? जे वाकून गेले, लवकर गेले, ते आठवणीतूनही गेले. प्रत्यक्ष मोजणी झाली ती १९९६ साली, कर्जत तालुक्यापासून फार दूर नसलेल्या पुणे जिल्ह्यातल्या भिगवणला. पुण्याचे संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा यांच्या पथकाने घरोघर जाऊन विचारलं. प्रौढांपैकी सुमारे १८ टक्के लोकांना स्नायू-सांध्यांचं दुखणं होतं. त्यातही स्त्रिया पुढे होत्या. रुमॅटॉइड, म्हणजे खरा आमवात, अर्ध्या टक्क्याच्या आसपासच निघाला. गुडघ्याची झीज होतीच, पण दुखण्याचा मोठा वाटा कोणत्याही ठरीव नावात बसत नव्हता. मान, पाठ, खांदे, मऊ ऊती यांचं ते दुखणं होतं.

हा ‘नावात न बसणारा’ वाटा झिजेच्या सिद्धान्ताची खरी अडचण आहे. एक्स-रे किंवा एमआरआय बघून ‘गॅप आलाय, गादी सरकलीय’ म्हणणं सोपं असतं. पण २०१५ साली पाठ अजिबात न दुखणाऱ्या ३,११० लोकांच्या तपासण्या एकत्र पाहिल्या, तेव्हा मणक्यातल्या चकतीची झीज विशीत ३७ टक्के, तिशीत ५२ टक्के आणि पन्नाशीत ८० टक्के लोकांत दिसली. झीज सगळ्यांचीच होते आणि दुखतं काहींनाच. मग दुखणाऱ्यांत वेगळं काय घडतं? १८ देशांतल्या ४७ व्यवसाय-गटांची पाहणी झाली, तेव्हा कामात अडथळा आणणाऱ्या कंबरदुखीचं प्रमाण कुठे १० टक्क्यांच्या आत, तर कुठे ४० च्या वर होतं. एवढी तफावत नुसत्या वजनाने किंवा वयाने स्पष्ट होत नाही.

इथे संप्रेरकं येतात. धोका किंवा अतिश्रम ओळखला की मेंदूतला हायपोथॅलॅमस पिट्यूटरी ग्रंथीला इशारा देतो आणि पिट्यूटरी अधिवृक्क ग्रंथीला. मग रक्तात कॉर्टिसॉल येतं. हे शत्रू नव्हे. रोज पहाटे ते चढतं म्हणून आपण उठू शकतो, मध्यरात्री उतरतं म्हणून शरीर दुरुस्तीला लागतं. सांध्याची सूज उतरवण्यात तर याच कुळाचं नाव मोठं. सप्टेंबर १९४८ मध्ये अमेरिकेच्या मेयो क्लिनिकात फिलिप हेंच यांनी संधिवाताने खिळलेल्या २९ वर्षांच्या स्त्रीला कॉर्टिसोन दिलं आणि काही दिवसांत ती चालू लागली. १९५० चं नोबेल त्या कामाला मिळालं. पण हेंच यांच्या त्या प्रयोगाच्या १६ वर्षं आधीच मेंदूचे शल्यवैद्य हार्वे कुशिंग यांनी या कुळाची दुसरी बाजू दाखवली होती. ज्यांच्या शरीरात कॉर्टिसॉल सतत जास्त राहतं, त्यांचा चेहरा गोल होतो, पोट सुटतं, पण मांड्या आणि दंड काटकुळे पडतात, मणके ठिसूळ होतात. कॉर्टिसॉल स्नायूतलं प्रथिन मोडून त्याची साखर करतं आणि हाड बांधणाऱ्या पेशींना आवर घालतं. पळून जायला दोन तास लागणार असतील तर हा सौदा फायद्याचा असतो. पाच महिने तोच सौदा चालू राहिला तर भांडवल संपतं.

रोजच्या ताणाने कोणाला कुशिंगचा आजार होत नाही, हे स्पष्ट सांगायला हवं. तिथली गडबड वेगळी आहे. दीर्घ ताणात कॉर्टिसॉलची दिवस-रात्रीची लय सपाट होते आणि पेशी त्याचं ऐकेनाशा होतात. शेल्डन कोहेन यांच्या २०१२ च्या प्रयोगात हेच दिसलं. ताणाखालच्या माणसांच्या पेशी कॉर्टिसॉलला दाद देत नव्हत्या, आणि त्यामुळे सुजेला लगाम राहत नव्हता. म्हणून एरवी लवकर ओसरणारी खांद्याची सूज लांबू शकते. टेस्टोस्टेरॉन आणि वाढीचं संप्रेरक दबतात, स्नायूबंधांची दुरुस्ती मागे पडते, आणि दुखण्याची जाणीव वाढते.

स्नायूंत काय होतं ते बिडीच्या कामात अगदी जवळून दिसतं. नगर शहरात आणि संगमनेरला हजारो घरांत बायका हे काम करत आल्या आहेत. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, बाजूला भिजवलेली टेंभुर्णीची पानं, कात्री आणि दोऱ्याची रीळ. पान कातरायचं, तंबाखू भरायचा, वळायचं, तोंड मुडपायचं, दोरा गुंडाळायचा. एका बिडीला ३० सेकंद धरले तर हजार बिड्यांना ८ तास २० मिनिटं होतात. मजुरी हजारी. माल देताना खराब ठरवून काढलेल्या बिड्यांचे पैसे नाहीत, म्हणून बोटांइतकंच लक्षही ताणलेलं. वजन म्हणाल तर काही ग्रॅम. मग मान आणि खांदे का भरून येतात? गोरान हेग या स्वीडिश संशोधकाने १९९१ मध्ये याचा विचार मांडला. हलक्या पण अखंड कामात खांद्याच्या स्नायूतले तेच ते लहान तंतू सकाळी सगळ्यांत आधी जागे होतात आणि सगळ्यांत शेवटी सुटतात. मोठ्या तंतूंची पाळी येतच नाही. पुढच्या प्रयोगांत दिसलं की मानसिक ताण नुसता दिला तरी हे तंतू आवळतात, हात हलत नसला तरी. म्हणून सुटीच्या दिवशीही खांदा उतरत नाही. बँकेतल्या कारकुनाची मान आणि बिडीवाल्या मावशींची मान एकाच रस्त्याने दुखते. निदान मात्र वेगवेगळं लिहिलं जातं.

बायकांचा मुद्दा इथे वेगळा काढलाच पाहिजे. स्वीडनमध्ये व्होल्वो कंपनीतल्या स्त्री-पुरुष अधिकाऱ्यांची संप्रेरकं मारियान फ्रँकनहॉयझर यांनी १९८९ साली मोजली. दिवसभर दोघांची सारखीच होती. संध्याकाळी पाचनंतर पुरुषांचं नॉरअॅड्रिनलिन उतरलं, बायकांचं चढतच राहिलं, कारण घरी दुसरी पाळी सुरू होत होती. ही गाडी आणि पगार असलेल्या अधिकारी बायकांची गोष्ट. कोपीतल्या बाईला ती किती पटीने लागू होते, याचा हिशेब वाचकांनी करावा.

आणि मग पिशवीचा प्रश्न. २०१९ साली बीडमधल्या ऊसतोड बायकांची गर्भाशयं मोठ्या प्रमाणावर काढली जात असल्याचं पुढे आलं आणि डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पाहणीतल्या ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती, म्हणजे जवळपास १७ टक्के. देशभरात १५ ते ४९ वयाच्या बायकांत हे प्रमाण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार सुमारे ३ टक्के आहे. आकडे बीडचे असले तरी पाथर्डी-जामखेडच्या टोळ्या त्याच मुकादमांकडून, त्याच उचलीवर, त्याच फडांत जातात. कारणं बायकांनीच सांगितली: पाळीचा त्रास, अंगावरून जाणं, फडात ना आडोसा ना पाणी, कामाचे दिवस बुडण्याची धास्ती, आणि कॅन्सरची घातलेली भीती. पिशवीबरोबर बीजकोशही काढले तर इस्ट्रोजेन एकदम कोसळतं. बीजकोश ठेवले तरी पाळी जाण्याचं वय अलीकडे येऊ शकतं. इस्ट्रोजेन हाडांचं रक्षण करतं, स्नायू आणि सांधे यांनाही त्याचा आधार असतो. तिशीत ते गेलेल्या बाईची कंबर चाळिशीत दुखली, तर एक्स-रेवर ‘झीज’ दिसेलच. पण त्या झिजेची सुरुवात खाड्याच्या भीतीपासून झालेली असते. कामाच्या रचनेतून ताण, ताणातून शस्त्रक्रिया, शस्त्रक्रियेतून संप्रेरकाचा ऱ्हास, ऱ्हासातून हाडाचं दुखणं अशी ही साखळी आहे. बीडमध्ये उपाय केला तो शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेण्याचा. त्याने शेवटचं दार अडवलं. खाडा होता तिथेच राहिला.

आता दुसऱ्या टोकालाही आवर घालू. ‘ताणाने संप्रेरकं बिघडतात’ एवढं अर्धवट ऐकून शहरांत कॉर्टिसॉलच्या तपासण्या आणि ते ‘कमी करणारी’ चूर्णं विकली जात आहेत. सकाळ-संध्याकाळ बदलणारं कॉर्टिसॉल एकदा मोजून ताण कळत नाही. दीर्घकाळ दुखणाऱ्या अनेकांत तर ते सपाट किंवा कमी निघतं. तसंच १९९१ चा बोइंग कारखान्याचा अभ्यास दाखवून ‘पाठदुखी मनाची असते’ म्हणणारेही भेटतात. त्यात ३,०२० कामगारांपैकी जे कामावर नाखूश होते, त्यांनी पाठदुखीची तक्रार जास्त केली हे खरं. पण कामावर नाखूश असणं म्हणजे मन कमकुवत असणं नव्हे. त्या नाराजीचं कारण कामातच असू शकतं. आणि मन शांत करण्याच्या शिबिरांचं काय होतं, तेही पाहिलं गेलं आहे. ब्रिटनमधल्या २३३ संस्थांतल्या ४६ हजारांहून अधिक नोकरांवरचा विल्यम फ्लेमिंग यांचा २०२४ चा अभ्यास सांगतो की ध्यान, ताणमुक्ती, मोबाइल अॅप अशा वैयक्तिक उपायांत भाग घेतलेल्यांची स्थिती न घेतलेल्यांपेक्षा चांगली नव्हती. प्राणायाम जरूर करावा. मात्र त्याने मोळी हलकी होत नाही.

सर्वांत धोक्याचा उपाय गावोगावच्या बाजारच्या दिवशी मिळतो. ‘सुई मारा डॉक्टर, उद्या फडात जायचंय.’ ‘मारतो मावशी, पण आराम करा.’ आराम होत नाही आणि सुई पुन्हा लागते. त्या सुईत, किंवा नाव नसलेल्या पुडीत, अनेकदा स्टेरॉइड असतं, म्हणजे हेंच यांच्या औषधाचंच भावंड. आठवड्याला सुई घेणाऱ्याला वर्षा-दोन वर्षांत कुशिंग यांनी वर्णिलेला गोल चेहरा आणि उकिडवं बसल्यावर उठता न येणाऱ्या मांड्या मिळतात. ताणाने जे हळूहळू केलं असतं, ते आपण बाहेरून टोचून घाईने करतो.

खंडन झालं. मंडन थोडक्यात, कारण ते अवघड नाही.

वजन ही निसर्गाची देणगी नसते, तो निर्णय असतो. साखरेचं पोतं पूर्वी १०० किलोचं होतं, आज ५० चं आहे, आणि कुठलाही कारखाना त्यामुळे बंद पडला नाही. अमेरिकेच्या व्यावसायिक आरोग्य संस्थेने आदर्श परिस्थितीतही उचलण्याची मर्यादा २३ किलो धरली आहे. मोळीला मर्यादा का असू नये? १९५०-५१ च्या हंगामात लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी सहकारी साखर कारखाना उभा करून दाखवला, तेव्हा तेही अशक्य वाटत होतं. त्या सहकारात सभासद शेतकऱ्याला मालकी मिळाली, तोडणारा मात्र मुकादमाच्या वहीत राहिला. हंगामात आठवड्याची पगारी सुटी, आजारपणात आणि पाळीत खाडा बंद, रात्रीच्या भरणीला वेगळी टोळी किंवा यंत्र, फडाजवळ पाणी आणि आडोसा, ही चार कामं कारखान्याच्या संचालक मंडळाच्या एका बैठकीत ठरू शकतात. त्यांतलं प्रत्येक काम संप्रेरकांवरचा उपचार आहे, कारण ते झोप, विश्रांती आणि कामावरचा ताबा परत देतं.

कायद्याचीही गोष्ट आहे. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत कळवणं बंधनकारक असलेले २९ व्यावसायिक आजार होते. शिसं होतं, सिलिकोसिस होता, बहिरेपणा होता. कंबर, मान, गुडघा यांचं दुखणं त्यात नव्हतं. जे कळवायचं नाही ते मोजलं जात नाही, आणि जे मोजलं नाही त्याला ‘वय झालं’ म्हणता येतं.

आणि डॉक्टरांना एक विनंती. याच जिल्ह्यात जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये काम सुरू केलं आणि शाळा न पाहिलेल्या गावच्या बायकांना आरोग्यसेविका केलं. १९७९ चा मॅगसेसे पुरस्कार त्या कामाला मिळाला. आजाराची मुळं पाण्यात, भाकरीत आणि बाईच्या स्थानात असतात, हे ओळखणं त्यांच्या कामाच्या केंद्रस्थानी होतं. तोच धागा धरून प्रत्येक केसपेपरवर पाच प्रश्न लिहावेत: काम काय आणि दिवसाला किती तास? झोप किती? उचल किंवा कर्ज आहे का? सुई किंवा पुडी घेता का? बाई असेल तर पिशवी काढली आहे का, आणि बीजकोश ठेवलेत का? एक्स-रेपेक्षा हे स्वस्त आहे, आणि बहुतेक वेळा जास्त सांगतं. त्यानंतरही ‘झीज’ लिहावंसं वाटलं तर लिहावं, पण ती कशाने झाली तेही शेजारी लिहावं.